मुक्कामी गाडीचे सुखदेवभाऊ

परवा माहेरी गेले तर माझा थोरला भाऊ प्रशांत भर दुपारी कॉम्प्युटरसमोर बसून गाड्यांची शर्यत खेळत होता. कानशिलं पांढरी झाली, पोट सुटलं, मोबाइलचं दुकान बऱ्यापैकी चालतं, आणि हा बाप्या कार्टूनमधल्या जनावरांना पळवतोय. मला पाहून म्हणाला, "बेबी, वळख बरं, कोनता गेम हाय?"

ओळखायला कशाला हवं? टोपी घातलेलं अस्वल, चष्मा लावलेली शेळी, ढोल्या डुक्कर, आणि खाकी सदऱ्यातला तो लांब मानेचा बगळा. सगळे आपापल्या खेळण्यातल्या मोटारीत बसलेले. एके काळी ही चित्रं आम्हाला खरीखुरी वाटायची. आता पाहिली तर झाडं म्हणजे हिरवे डबे, आणि अस्वलाचं नाक चौकोनी. प्रशांतनं मला शेजारी बसवलं, बटणं माझ्या हातात दिली आणि मुद्दाम नाही, सहजच, तो संध्याकाळच्या जंगलाचा रस्ता लावला. पहिल्या मोठ्या झाडापाशी माझं बोट आपोआप डावीकडे वळलं. मी म्हटलं, "बंद कर."

"काऊन?"

"डोकं दुखून राह्यलं."

त्यानं निमूट बंद केला. आम्हा दोघांपैकी कोणीच सुखदेवभाऊंचं नाव घेतलं नाही. पण परत वरोऱ्याला येईपर्यंत सगळा रस्ता माझ्या डोक्यात तेवढा एकच माणूस होता.

आमचं गाव ब्रह्मपुरीच्या पुढे, वैनगंगेच्या अलीकडे. नाव सांगत नाही. सांगितलं तर आमच्या गल्लीतले लोक "माह्याबद्दल काऊन नाई लिवलं" म्हणून फोन करून जीव खातील. गावाला बसस्थानक आहे, छोटा डेपो आहे. त्या काळी डेपोतून रोज दुपारी एक लाल गाडी सुटायची. वडसा आणि कुरखेडा मागे टाकून ती जंगलात शिरायची आणि रस्ता जिथे संपतो त्या कोसमटोला नावाच्या गावी रात्रभर थांबून सकाळी परत यायची. अशा गाडीला मुक्कामी गाडी म्हणतात. कोणी ड्रायव्हर ही ड्यूटी हौसेनं घेत नाही. घर नाही, दार नाही, गाडीतल्याच बाकावर झोपायचं, डास आणि जंगल. सुखदेव रामटेके यांनी मात्र ती मागून घेतली होती आणि वर्षानुवर्षं कोणाला दिली नव्हती.

ते आमच्या गल्लीच्या टोकाला, बुद्धविहाराच्या मागे राहायचे. उंच, वाळके, आवाज अगदी मऊ. सुट्टीच्या दिवशीही अंगात खाकीच सदरा. चालताना गल्लीच्या कोपऱ्यावर क्षणभर थांबायचे, मान बाहेर काढून दोन्हीकडे पाहायचे आणि मगच वळायचे. पोरं त्यांच्या मागे जाऊन "पों पों" करायची, तर हे मागे वळून हातानं साइड द्यायचे. "जा बाप्पा, जा फुडं. कुठी जाचं हाय इतक्या घाईनं?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लग्नाच्या पंगतीत, रेशनच्या रांगेत, दवाखान्यात, सगळीकडे हेच. त्यांची बायको कुसुमबाई वैतागून म्हणायची, "ह्या मानसाच्या घराले आग लागली तं हे आदी इंजन गरम करतीन." कुसुमबाईंच्या जिभेला धार होती. भाऊंना मात्र कोणाचाच राग यायचा नाही. इतका थंड माणूस पाहून माझ्यासारखीला कधी कधी हलवून जागं करावंसं वाटायचं.

डी.एड.ला असताना एका शिबिरासाठी मी त्यांच्या गाडीनं कोसमटोल्याला गेले, तेव्हा कळलं की थंडपणा हा फक्त गल्लीतला. स्टेअरिंगवर हा माणूस राजा होता. वाटेत कुठल्या झाडाखालून कोण चढतं हे त्यांना ठाऊक. एका मोहाखाली कोसमटोल्याचा दसरू नावाचा म्हातारा शेतावरून घरी जायला रोज उभा असायचा, तो त्या दिवशी नव्हता. भाऊंनी गाडी उभी केली, इंजिन बंद केलं, हॉर्न दिला. पाच-दहा मिनिटं गेली. गाडीतले वडशाचे व्यापारी कुरकुरायला लागले. भाऊंनी कंडक्टरला खाली पाठवलं. म्हातारा तापानं फणफणून शेतावरच्या झोपडीत पडलेला निघाला. त्याला उचलून आणलं, मागच्या लांब बाकावर निजवलं, आणि मग गाडी हलली. व्यापाऱ्यांकडे आरशातून पाहत भाऊ म्हणाले, "कुठी जाचं हाय इतक्या घाईनं?"

गावाच्या आधी एक शेवटचं वळण लागतं. तिथे त्यांनी लांबलचक हॉर्न दिला. त्या हॉर्नवर कोसमटोल्यातल्या बायका चुलीवर भात टाकतात, हे मला नंतर कळलं. ड्रायव्हर-कंडक्टरला जेवू घालायची तिथे घरोघर पाळी होती. आज या घरी, उद्या त्या घरी. ज्या घरची पाळी असे त्या घरचं पोर गाडीच्या दारात येऊन उभं राही आणि भाऊंचा हात धरून त्यांना घरी नेई. मला तेव्हा त्यात फक्त लाड दिसला होता. अंधार पडलेला असायचा आणि हाताला धरूनच न्यावं लागायचं, हे ध्यानात यायला पुढची दोन वर्षं गेली.

दोन हजार सालाच्या आसपास प्रशांतनं आमच्या पुढच्या खोलीत व्हिडिओ गेमचं दुकान टाकलं. नागपुरातून जुन्या दोन मशिनी, दोन टीव्ही आणि गेमच्या सोनेरी चकत्यांची चळत घेऊन आला. चकत्या अर्थातच नकली. त्या शर्यतीच्या गेमवरची अक्षरं जपानी होती की चिनी, हे ब्रह्मपुरीच्या कॉलेजातल्या इंग्रजीच्या प्राध्यापकालाही सांगता आलं नाही. काय दाबलं की काय होतं, हे पोरांनी धडपडून शोधून काढलं. दुपारी प्रशांत जेवून आडवा व्हायचा, तेव्हा दुकान मी सांभाळायची. माझ्यासमोर पुस्तक असायचं आणि कानात अस्वलाच्या गाडीची घरघर.

सुखदेवभाऊ पहिल्यांदा आले ते तक्रार घेऊन. सकाळी मुक्कामाहून येऊन झोपायचा माणूस, आणि आमच्या दुकानात पोरांचा दंगा. दारात उभे राहून तक्रार सांगता सांगता त्यांची नजर टीव्हीवर गेली आणि तक्रार अर्धीच राहिली.

"हे गाडी कोन चालवून राह्यलं बे?"

पोरांनी हसत हसत त्यांना बसवलं. कोणतं जनावर घेता विचारलं. त्यांनी एकेक नीट पाहून बगळा निवडला. त्या सगळ्यांत खाकी घातलेला तेवढा एकच होता.

शर्यत सुरू झाली. बाकीच्या गाड्या सुसाट गेल्या. भाऊंची जागची हलेना. पोरं ओरडली, "भाऊ, दाबा ना!" भाऊ म्हणाले, "बेल कुठी झाली?" कंडक्टरनं दोनदा घंटी दिल्याशिवाय गाडी हलवायची नसते. शेवटी एका पोरानं तोंडानं टिंग-टिंग केलं तेव्हा बगळा निघाला. डाव्या बाजूनं, शिस्तीत. प्रत्येक वळणाला भाऊ तोंडानं "पोंऽ" करायचे. मागून डुक्कर आलं की साइड द्यायचे. लाकडी पूल आला तेव्हा त्यांनी गाडी थांबवली आणि मला म्हणाले, "एका वख्ती एकच गाडी जाईन यावरून. त्यायले जाऊ दे." तेल सांडायचं, फुगे मारायचं बटण पोरांनी दाखवलं, तर त्यांना ते मुळीच पटलं नाही. सगळ्यांची शर्यत संपून नाच-गाणं झालं तरी बगळा एकटाच रस्त्यावर होता. पोरं हसून हसून लोळत होती. भाऊ म्हणाले, "हसा बाप्पा. माह्या गाडीत पासिंजर हाय." आणि पोचेपर्यंत त्यांनी खेळ सोडला नाही.

त्यानंतर ते येत राहिले. पोरं कॉलेजात गेली की भर दुपारी, ड्यूटीवर जायच्या आधी. लोडशेडिंग असलं तर पंख्याशिवाय, घाम पुसत, लाइट यायची वाट पाहत बसायचे. एक गोष्ट मला खटकली. बर्फाचा रस्ता, वाळवंटाचा रस्ता, असे रंगीत उजेडाचे कितीतरी होते. भाऊंना ते नकोच असायचे. "बेबी, अंधाराचा लाव." म्हणजे ते संध्याकाळचं जंगल. त्यात रस्ता निळसर काळा, झाडं काळी, आणि मधेच डावीकडून रानडुकरं आडवी जायची. भाऊ त्यांच्यावर दर वेळी आदळायचे. समोरचं जरा जरा दिसायचं त्यांना, बाजूचं काहीच नाही. सुरुवातीला मला वाटलं, वय झालं. मग वाटलं, टीव्ही खराब आहे. एकदा मी त्यांच्या डाव्या हाताशी, अगदी त्यांच्याजवळ, चहाचा कप ठेवला आणि "भाऊ, च्या" म्हटलं. त्यांनी कप शोधला. हातानं, चाचपत.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे तोंड माझ्याकडे केलं. मग म्हणाले, "कोनाले सांगू नोको वं."

नागपूरच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं की डोळ्याच्या आतला पडदा सुकत चालला आहे. याला औषध नाही. आधी अंधारातलं जातं, मग बाजूचं, मग समोरचं. त्यांच्या वडिलांचंही असंच झालं होतं. दिवे लागले की वडील खाटेवरून उठायचे नाहीत. कुसुमबाई रोज मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, पाल्याची भाजी करत होत्या, पपया खाऊ घालत होत्या. आम्ही गल्लीतले लोक म्हणायचो, भाऊ हल्ली ड्यूटीवर लवकर जातात, वेळेच्या आधी गाडी काढतात, बसस्थानकावरच्या कंट्रोलरशी भांडतात. ते थंड भाऊ भांडतात याचं आम्हाला हसू यायचं. त्यांना अंधाराच्या आत कोसमटोला गाठायचा असायचा, इतकंच होतं ते.

"डेपोत दर काही वर्षांनं डोळे तपासते," ते म्हणाले. "मांगच्या वख्ती तक्त्यावरची अक्षरं पाठ करून गेलो होतो. आता तं मलेच समजून पाह्याचं हाय. हे अंधाराचं जमलं, तं ते जमते. नाई जमलं तं गाडी सोडतो. तू पाहतच हायस."

म्हणजे तो खेळ नव्हताच. आमच्या पुढच्या खोलीत, नकली चकतीवर, तो माणूस स्वतःची परीक्षा घेत होता. आणि मला खरं सांगायचं तर तो पास व्हावा असं मनापासून वाटत होतं. मी वीस वर्षांची होते. मेहनत केली की जमतं, हे मला शाळेपासून शिकवलेलं होतं आणि मी तेच पुढे पोरांना शिकवणार होते.

ते सुधारत गेले. महिन्याभरात बगळा शेवटून दुसरा यायला लागला. पुढे मधे. रानडुकरं कुठे येतात ते त्यांना आधीच कळायला लागलं. ती दिसायच्या आत ते ब्रेक दाबायचे आणि डुकरं निघून गेली की गाडी उचलायचे. ओठ हलायचे त्यांचे. मी एकदा कान देऊन ऐकलं तर, "मोठं झाड, डावं. नाला, उजवं. पूल, सरळ. चढ," असं अखंड चाललेलं. त्यांनी पुलावर थांबणंही सोडलं. ते मला आवडलं नाही, पण जिंकायचं म्हटल्यावर आणखी काय करणार?

आणि एक दिवस बगळा पहिला आला. प्रशांत जागा होता, कॉलेजची दोन पोरं होती. एकच कल्ला झाला. पोरांनी भाऊंना खुर्चीसकट उचललं. प्रशांतनं समोरच्या टपरीवरून सगळ्यांना समोसे आणवले. भाऊ लहान पोरासारखे लाजत होते. मला म्हणाले, "पाह्यलं काय बेबी?" मी म्हटलं, "पाह्यलं भाऊ." माझे डोळे भरून आले होते. त्यांचा निकाल लागला होता आणि तो मला एकटीलाच माहीत होता.

टीव्हीवर अस्वल नाचलं, त्या न कळणाऱ्या अक्षरांची एक ओळ आली, आणि रस्त्यांच्या यादीत एक नवीन चित्र उघडलं. तेच जंगल. पोरं म्हणाली, "भाऊ, नवा निंगाला. लावा!" भाऊ तोऱ्यात होते. लावला.

टिंग-टिंग. बगळा सुसाट निघाला. मोठं झाड आलं. भाऊंनी गाडी डावीकडे घेतली आणि ती सरळ तलावात गेली.

पुन्हा वर काढली. पुन्हा डावीकडे, पुन्हा तलाव. पोरं हसायला लागली. मी पाहत होते, रस्ता उजवीकडे जात होता. स्पष्ट. सगळा रस्ताच आरशात दिसावा तसा उलटा झाला होता. पहिला आलेल्याला खेळ ते बक्षीस देत होता, पण हे कोणाला वाचता आलं असतं?

"भाऊ, उजव्या बाजूनं घ्या," मी म्हटलं.

"उजव्या बाजूले काई नाई. झाडी हाय."

"उजवीकडेच रस्ता हाय भाऊ. तो पाहा ना."

ते पुढे झुकले. काचेला नाक लागेल इतके. आणि पोरांचं हसू आपोआप थांबलं, कारण भाऊ टीव्हीच्या काचेवर हात फिरवून रस्ता शोधत होते.

त्यांनी बटणांचा रिमोट मांडीवरून उतरवला. मग अगदी त्यांच्या नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाले, "मले दिसत नव्हतंच, बेबी. मले पाठ झालं होतं."

आणि थोड्या वेळानं, "तिकडचंबी पाठच हाय."

ड्यूटीची वेळ झाली होती. ते उठले, दाराची चौकट चाचपली आणि डेपोत गेले. गाडी काढायला नाही. मॅनेजरच्या खोलीत जाऊन म्हणाले, माझे डोळे तपासा, आणि आज दुसरा ड्रायव्हर द्या.

यावरून त्यांचं कौतुक झालं असेल असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्या गावात येऊन राहावं. डेपोतले सोबती म्हणाले, येडा हाय. एवढी वर्षं निघाली, आणखी थोडी निघाली असती. कोणी म्हणालं, म्हणजे इतके दिवस आमचा जीव धोक्यात घालत होता की काय? हे म्हणणारे त्यांच्या गाडीत कधी बसलेही नव्हते. कुसुमबाई महिनाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. बोलल्या तेव्हा माझ्याच आईपाशी बोलल्या, "खेळन्यातल्या गाडीपायी खरी गाडी सोडली यानं." भाऊंना डेपोत गाड्या धुवायचं काम मिळालं. टपाच्या कडेपासून चाकापर्यंत हातानं चाचपत ते गाडी धुवायचे. कुठली गाडी कुठे घासली गेली आहे, हे ड्रायव्हरच्या आधी त्यांना कळायचं. आमच्या दुकानात ते पुन्हा आले नाहीत.

मुक्कामी गाडीवर एक तरुण ड्रायव्हर गेला. काही महिने गेला. मग रजेवर गेला. दुसरा आला, त्यानं मुक्काम करायला नकार दिला. पावसात रस्ता वाहून गेला, नाल्यावरच्या ठेंगण्या पुलाचं रपटं खचलं, ती दुरुस्ती लांबली. एक दिवस गाडी कुरखेड्यापर्यंतच जायला लागली, आणि मग तीच पद्धत पडली. कोणी ठरवून केलं नाही. कोणाला दोष द्यावा असा एकही माणूस मला यात सापडत नाही, आणि म्हणूनच या गोष्टीनं माझं डोकं फिरतं. एका माणसानं खरं सांगितलं. त्याचं फळ म्हणून जंगलातलं एक गाव जगापासून तुटलं. यातून काय शिकायचं ते मला आजवर कळलेलं नाही, आणि मी शाळेत शिकवते.

मग कोसमटोल्याचे लोक आले. चार पुरुष आणि दसरू म्हातारा. मी तेव्हा भाऊंच्या अंगणात कुसुमबाईंकडे काहीतरी द्यायला गेले होते. त्यांनी पानांच्या द्रोणात चारोळी आणली होती, बाटलीत मध आणला होता. ते ओळीनं उकिडवे बसले. बराच वेळ भाताची, गुरांची, दवाखान्याची चौकशी झाली. शेवटी दसरू म्हणाला, "भाऊ, तुमी परत या ना गा."

"आजा, मले दिसत नाई."

"नसन दिसत तं नसन. तुमाले वाट मालूम हाय ना?"

"मालूम असून काय होते?"

त्यावर एक जण पुढे सरकला. ते घरून ठरवून आले होते. "आमच्यातला एक जन तुमच्या बाजूले बसन, भाऊ. रोज. पाळी लावून राह्यलो आमी गावात. वळन आलं का सांगन, ढोर आडवं आलं का सांगन. साहेबायले आमी लिहून देऊ का आमची हरकत नाई."

जेवणाची पाळी बंद पडली होती. आता त्यांनी डोळ्यांची पाळी लावली होती. कुसुमबाई दारात उभ्या होत्या, त्या एकदम आत निघून गेल्या.

भाऊंनी विचारलं, "आन् तुमी बसान त्या गाडीत?"

"बसू."

"बायका-लेकरं घेऊन?"

"सारे बसू. तुमी हाय म्हनल्यावर काहाची भीती?"

भाऊंचा चेहरा असा कधी मी पाहिला नव्हता. त्या मऊ माणसाचा आवाज फुटला. "म्हनूनच नाई चालवत मी! तुमी बसान म्हनूनच!" असं म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ते रडले. त्या लोकांना राग आला नाही, पण कळलंही नाही. ते एकमेकांकडे पाहत राहिले. दसरू म्हातारा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होता, "कुठी जाचं हाय भाऊ इतक्या घाईनं? इचार करा. मंग सांगा." ते गेले. चारोळी अंगणातच राहिली.

पुढे मला वरोऱ्याला नोकरी लागली. लग्न झालं. प्रशांतनं दुकान बंद केलं, मशिनी भंगारात गेल्या. भाऊंनी वेळेआधी निवृत्ती घेतल्याचं आईकडून कळलं, समोरचंही गेल्याचं कळलं.

शेवटचे दिसले ते आमच्याच बसस्थानकावर. मी वरोऱ्याची गाडी पाहत उभी होते. दुपारची वेळ. जिथे मुक्कामी गाडी लागायची त्या फलाटाच्या बाकावर भाऊ बसलेले. खाकी सदरा, धुवून धुवून पांढरा पडलेला. चहावाला म्हणाला, कुसुमबाई रोज आणून बसवतात, अन् पाच वाजता घेऊन जातात. मी हाक मारणार, तेवढ्यात एक बाई त्यांच्यासमोर येऊन थबकली. खांद्यावर तापानं मलूल झालेलं पोर, हातात दवाखान्याची पिशवी. तिचं तोंड एकदम उजळलं.

"भाऊ! गाडी सुरू झाली काय गा आपली?"

भाऊंनी आवाज ओळखला. "कोन, मैनी काय? दसरूची नात?"

"हो भाऊ. सुरू झाली काय?"

"नाई बाई. कुरखेड्याची लागन आता थोड्या वेळानं. तिथून फुडं पायीच जा लागन."

तिचा चेहरा उतरला. तिनं पोराला सावरलं आणि सरळपणानं, जाब म्हणून नव्हे, विचारलं, "मंग तुमी काहाले बसले इथी?"

तिनं थोडी वाट पाहिली. तेवढ्यात पलीकडे कुरखेड्याची गाडी लागली, लोक धावले, तीही पोराला घेऊन गर्दीत शिरली. गलक्यात ती गेल्याचं भाऊंना समजलं नसावं. ती उभी होती तिकडेच तोंड करून ते म्हणाले, "अंधाराच्या आदी पोचजो, बाई."

तिथे कोणी नव्हतं.